पश्चिम-वाऱ्याची गाडी

जुन्या वस्तु जपणें म्हणजे इतिहास जपणें, असें आपण सहज म्हणतों. परंतु गति हाच ज्या वस्तूचा प्राण, ती जपावयाची कशी? 'शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी' या अमेरिकन रेल्वेच्या इतिहासावरून या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

या रेल्वेचा उगम १८४९ सालीं सनद मिळालेल्या एका लहानशा शाखामार्गांत आहे. म्हणजे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, त्यापूर्वीं चार वर्षें. पुढें तिचे रूळ मिसिसिपी ओलांडून डेन्व्हरपर्यंत पोंचले. पण १९२९ नंतरची मंदी आणि मोटारींची चढाओढ यांमुळें उतारू घटले. तेव्हां अध्यक्ष राल्फ बड यांनीं एक साहस केलें. आडनांवापलीकडे ज्यांच्याशीं त्यांचें नातें नव्हतें, त्या एडवर्ड बड यांच्या कारखान्यांत न गंजणाऱ्या पोलादाची तीन डब्यांची गाडी तयार झाली. चॉसरच्या काव्यांतील पश्चिम-वाऱ्यावरून तिचें नांव 'झेफर' ठेवण्यांत आलें.

वाफेच्या एंजिनास वाटेंत वारंवार पाणी घ्यावें लागे. झेफरचें ६०० अश्वशक्तीचें डीझेल एंजिन विजेचें जनित्र फिरवी आणि त्या विजेवर चाकें फिरविणाऱ्या मोटारी चालत. ता. २६ मे १९३४ रोजीं पहांटे ती डेन्व्हरहून निघाली. वाटेंत एक तार जळून एंजिन बंद पडलें. पण गाडी पुरती थांबण्यापूर्वींच तें पुन्हां सुरू करण्यांत आलें. १०१५ मैलांचा पल्ला न थांबतां १३ तास ५ मिनिटांत संपवून ती शिकागोस पोंचली. नेहमींच्या गाडीस सुमारें दुप्पट वेळ लागे.

या विजयास दुसरी बाजूही आहे. डीझेल आलें आणि कोळसा टाकणारा फायरमन, पाण्याचे हौद, बाष्पपात्रें दुरुस्त करणारे कारागीर, हे सारे हळूहळू निरुपयोगी ठरले. पुढें जेत्यावरही तीच पाळी आली. १९६० सालीं झेफर निवृत्त होऊन शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयांत गेली. १९७० सालीं ही रेल्वेच दुसऱ्या कंपन्यांशीं एक होऊन 'बर्लिंग्टन नॉर्दर्न' बनली.

तिची बहीण शोभेल अशी १९३६ सालची एक गाडी आणि १९४० सालचें 'सिल्व्हर पायलट' हें डीझेल एंजिन इलिनॉय संस्थानांतील युनियन गांवच्या रेल्वे-संग्रहालयांत आहे. तेथें तीं रुळांवर चालवूनही दाखविण्यांत आलीं आहेत. चालतें ठेवावयाचें, तर झिजलेले भाग बदलणें ओघानेंच आलें. मूळचें सारें राखावयाचें, तर गति सोडावी लागते. एका ठिकाणीं देह राहतो, दुसऱ्या ठिकाणीं चाल. आमच्या मतें दोन्ही हवींत. परंतु फावडें चालविणाऱ्या हातांचें कौशल्य कोणत्याच कांचेआड ठेवतां येत नाहीं. तें लिहून ठेवणें हेंच इतिहासकाराचें काम आहे, आणि तें वेळींच झालें पाहिजे.