रंगमंचावरचे नानासाहेब

युद्ध संपल्यावर त्याचा इतिहास लिहिला जातो, अशी आपली समजूत असते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी रंगभूमीने मात्र तेवढी वाट पाहिली नाही. सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली इंग्रजांच्या हाती पडली आणि त्याच वर्षअखेरीस लंडनच्या अॅस्टले नाट्यगृहात, जेथे रिंगणात खरे घोडे दौडत, दिल्लीचा पाडाव तिकीट लावून दाखविण्यात आला. सकाळी वृत्तपत्र वाचून उसळलेला संताप संध्याकाळी तोफांच्या गडगडाटात पुन्हा अनुभवता येऊ लागला.

अशा नाटकांना मेलोड्रामा म्हणत. त्यांत सज्जन सर्वस्वी सज्जन, दुर्जन सर्वस्वी दुर्जन आणि अखेरच्या क्षणी सुटका ठरलेली. डायन बूसिकॉल्ट या आयरिश नाटककाराचे 'जेसी ब्राऊन' हे त्याचे ठळक उदाहरण. २२ फेब्रुवारी १८५८ रोजी ते न्यूयॉर्कला वॉलॅक्स नाट्यगृहात प्रथम झाले, तेव्हा लखनौ शहर अद्याप बंडवाल्यांच्याच ताब्यात होते! वेढ्यात सापडलेल्या रेसिडेन्सीत जेसी ही स्कॉटिश तरुणी मदतीस येणाऱ्या फौजेच्या बॅगपाइपचे सूर सर्वांआधी ऐकते, ही त्यातील मुख्य घटना. ही कथा वृत्तपत्रांतून आली होती. वेढ्यात असलेल्यांनी पुढे ती खोटी ठरविली. तरीही १८६२ साली नाटक लंडनच्या ड्रूरी लेनवर आले.

या नाटकातील खलपुरुष म्हणजे नानासाहेब पेशवे. गोऱ्या स्त्रीची अभिलाषा धरणारा क्रूर राजा एवढेच त्यांचे रूप. ही भूमिका करण्यास कोणी नट धजेना, म्हणून लेखकानेच ती केली, असे सांगतात. कर्जतजवळच्या वेणगावी जन्मलेला हा दत्तक पुत्र, १८५१ साली दुसऱ्या बाजीरावांच्या निधनानंतर बंद झालेले आठ लाखांचे वार्षिक वेतन, यांचा त्या रंगमंचाला उपयोग नव्हता. कानपूरच्या बीबीघरात सुमारे दोनशे स्त्रिया व मुले मारली गेली, हे पाप आम्ही झाकू इच्छित नाही. परंतु इंग्रजी फौजांनी सूड म्हणून ज्यांना झाडांवर लटकाविले, त्यांच्या बायकामुलांचे अश्रूही तेवढेच खारट होते. त्यांच्यासाठी कोणतेही बॅगपाइप वाजले नाहीत.

विशेष म्हणजे हाच बूसिकॉल्ट पुढे 'द शॉगरान' (१८७४) या नाटकात इंग्रज सत्तेपासून पळणाऱ्या आयरिश बंडखोराची बाजू जिव्हाळ्याने मांडतो. स्वदेशाची जखम त्याला कळली. परक्याची कळली नाही. मनुष्यस्वभावाची ही मर्यादा आपल्यालाही अपरिचित नाही.

इकडे हिंदुस्थानात सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० मध्ये बंदी आली. जेत्यांना जितांची कथा रंगविण्याची मुभा होती. जितांना स्वतःची व्यथा पुराणकथेच्या आडूनही सांगता येईना.

येथे आम्हांला शुभवर्तमानातील एक व्यक्ती आठवते. क्रुसाजवळ उभा असलेला शताधिपती हा परकीय साम्राज्याचा अधिकारी, वधाची आज्ञा पार पाडणारा. ही कथा जितांनी लिहिली. त्याला केवळ राक्षस म्हणून रंगविणे त्यांना किती सोपे होते! तरीही प्रभू येशूविषयीची सत्य साक्ष त्याच्याच मुखी आहे. शत्रूलाही विवेक असतो, त्यालाही सत्य दिसू शकते, हे शुभवर्तमानकारांनी मान्य केले.

आपल्या धर्मग्रामांतून दुःखसहनाची नाटके होतात, तेव्हा शताधिपतीची भूमिका लहान म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होऊ नये. आज युद्धे घरातल्या पडद्यावर दिसतात. ती पाहताना पलीकडच्या माणसालाही एखादे वाक्य बोलू द्यावे, हा धडा त्या छोट्या भूमिकेत आहे.