मिठी खाडी

सुरतेचा इतिहास लिहिणारे तापीपाशी आरंभ करतात व बहुधा तेथेच थांबतात. सूर्यकन्येचे माहात्म्य थोर आहेच. खानदेशातून लिंबायत-उधन्याकडे आलेल्या मराठी कुटुंबांना तर ती गावाकडची आणि इकडची, अशी दोन्हीकडची नदी. परंतु पर्वत पाटियाच्या घरांत शिरणारे पाणी पुष्कळदा तापीचे नसते. ते मिठी खाडीचे असते. येथे खाडी म्हणजे समुद्राचा फाटा नव्हे, तर गावाकडे आपण ज्यास ओढा म्हणतो तोच प्रवाह.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहर बुडाले. जून २०२५ मध्ये मात्र तापीस पूर नसताना खाड्यांनीच हा भाग जलमय केला.

ओढ्यास एकदा नाला म्हटले की त्यात मैलापाणी सोडण्यास, काठ बुजविण्यास कोणाची हरकत राहत नाही. निर्माल्याची पिशवी पुलावरून भिरकावताना आपलाही हात अडखळत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याची व्याख्या याहून उदार आहे. तिच्यात नदीप्रमाणेच काही काळ कोरडा पडलेला ओहोळही ‘प्रवाह’ ठरतो. व्याख्येचे मोल आम्ही वकील मंडळी जाणतो.

सिमेंटच्या भिंती बांधल्या की पाणी वेगाने पुढे जाते खरे, पण खालच्या वस्तीवर! ओढा जगावयाचा तर मैलापाणी आधीच वळविले पाहिजे, काठी माती व झुडपे हवीत, पावसाळ्यात पसरावयास जागा हवी. त्या जागेवर आज गरिबांची घरे आहेत. त्यांस दुसरे घर दिल्यावाचून काठ मोकळा करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.