पडदाभर एक डोळा

मोहगावच्या अर्धनारीश्वराच्या देवळात उन्हातून शिरणाऱ्यास प्रथम काहीच दिसत नाही. मग समईची ज्योत दिसते आणि तिच्या आधाराने बाकीचे. श्रोतेहो, १९३४ साली प्रभात कंपनीच्या ‘अमृतमंथन’चा आरंभ व्ही. शांताराम यांनी जवळजवळ असाच केला. भुयार, हलता उजेड, चंडिकेच्या भक्तांची गुप्त बैठक. राजा क्रांतिवर्म्याने बळी बंद केले आहेत. आता त्या राजाचाच वध ठरावयाचा आहे. आणि राजगुरूचा एकच डोळा सारा पडदा व्यापून टाकतो!

तो काळ ध्यानात घ्या. ‘आलम आरा’ला पुरती चार वर्षेही झाली नव्हती. बोलावयास मिळाले म्हणून पात्रे रंगभूमीप्रमाणे ओळीने उभी राहून बोलत, गात. नुकतेच जर्मनीत राहून आलेल्या शांतारामांनी येथे छाया, उजेड आणि दूरचे जवळ आणणारे भिंग यांनाच बोलावयास लावले. डोळा एवढा जवळ आला की भोवतालचे भुयार नाहीसे होते; प्रेक्षकाला मागे सरकावयास जागाच उरत नाही.

मराठीत राजगुरू होते केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. दात्यांचा अभिनय अधिक खोल, असे मी मानतो. पण या एका चित्रापुरते चंद्रमोहनच्या घाऱ्या डोळ्यांना तोड नाही.

वधाची कामगिरी येते यशोधर्मावर. त्या नजरेखाली ‘नाही’ म्हणणे किती अवघड, हे कळावयास मग संवाद लागत नाही.