शीत, भात आणि जोखीम

'शितावरून भाताची परीक्षा' असं आपण सहज म्हणतो. संस्कृतात याला स्थालीपुलाकन्याय म्हणतात. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावं. एक शीत शिजलं म्हणून बाकीची शिजलीच, हे कशावरून? चार्वाकांनी अनुमानाबद्दल अशीच शंका घेतली होती. अठराव्या शतकात ह्यूमनेही घेतली. तत्त्वज्ञांचा हा वाद मिटलेला नाही. तरी कारखान्यांना रोज निर्णय घ्यावाच लागतो. तो कसा घेतला जाऊ लागला, ते आज पाहू.

अडचण बघा. बंदुकीची गोळी उडते का, हे पाहायचं तर ती उडवावी लागते. काडी ओढून पाहिली की विकायला उरत नाही. म्हणजे नमुना घेण्याला पर्यायच नाही.

16 मे 1924 रोजी अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतले वॉल्टर शूहार्ट यांनी वरिष्ठांना एक छोटंसं टिपण दिलं. त्यात पहिला नियंत्रण तक्ता होता. त्यांचं म्हणणं असं, की एकाच यंत्रातून निघालेल्या दोन वस्तूही तंतोतंत सारख्या नसतात. काही फरक नेहमीचा, अनेक बारीक कारणांचा. काही मात्र विशिष्ट कारणाचा, म्हणजे हत्यार झिजलं, कच्चा माल बदलला. हा दुसरा फरक शोधून काढायचा. आपल्या भाषेत सांगायचं, तर सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर आहे ना, हे आधी पाहायचं. खाली करपलेला आणि वर कच्चा असेल, तर वरचं शीत तुम्हाला फसवणारच.

शूहार्ट यांचे बेल लॅबोरेटरीजमधले सहकारी हॅरल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी दुसरा प्रश्न घेतला: नमुना किती घ्यायचा? समजा, मोठ्या मालात शेकडा 5 वस्तू सदोष आहेत. त्यातून यदृच्छेने 20 उचलल्या आणि एकही सदोष निघाली नाही तर माल घ्यायचा, असा नियम केला. असा माल 100 पैकी सुमारे 36 वेळा पास होईल! 60 उचलल्या, तर 5 पेक्षाही कमी वेळा. पण तपासणीचा खर्च तिप्पट. शिवाय नियम कडक केला की कधीकधी चांगला मालही परत जातो. वाईट माल घेतला जाणं ही ग्राहकाची जोखीम, चांगला नाकारला जाणं ही उत्पादकाची. नमुना तेवढाच ठेवून एक कमी केली की दुसरी वाढते.

आमच्या मते या इतिहासातली मोठी गोष्ट हीच. चूक टळली नाही. पण ती किती वेळा होऊ द्यायची आणि कोणी सोसायची, हे माल उघडण्याआधी, दोघांच्या देखत ठरू लागलं. पूर्वी हे तपासनिसाच्या मर्जीवर असे आणि भोगायचा तो ग्राहक. ज्ञानाचा प्रश्न इथे न्यायाचा प्रश्न झाला.

शूहार्ट स्वतः तत्त्वज्ञान वाचत, सी. आय. लुईस यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून 1947-48 मध्ये ते भारतातही येऊन गेले.

तेव्हा कुठल्याही औषधावर, हेल्मेटवर 'तपासलेले' असा शिक्का दिसला, की आपण दोन प्रश्न विचारावेत. नमुना किती होता? आणि उरलेली जोखीम कोणाच्या माथी आहे?