पोटखराबा : कागदावरची पडीक जमीन आणि वाढते शहर

जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर सोमाटणे फाट्यावरून आत वळले की शिरगाव लागते. ‘प्रति शिरडी’च्या साईमंदिरामुळे हे नाव राज्यभर पोहोचले. जवळून द्रुतगती मार्ग जातो, शेजारी गहुंज्याचे क्रिकेट मैदान आहे. पवनेच्या खोऱ्यातली भातखाचरे एकेक करून गृहसंकुलांना जागा देत आहेत. अशा गावात सध्या सर्वांत जास्त वाचला जाणारा कागद म्हणजे सातबारा. त्यावर एक नोंद असते, जिच्याकडे घेणारा आणि विकणारा दोघेही नाराजीने पाहतात : पोटखराबा.

‘खराब’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अर्थ उजाड, ओसाड. महसूल, जमीन, तहसील, कसबा या शब्दांसोबत तो आपल्या दप्तरात रुजला. शेताच्या पोटातली जी जागा पिकत नाही, ती पोटखराबा. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून इंग्रजांची नवी जमीन मोजणी सुरू झाली आणि पुढे मुंबई इलाखाभर पसरली. सरकारला सारा हवा होता, त्यामुळे जमिनीची किंमत तिच्या साऱ्यावरून ठरली.

पण या पोटखराब्याचे दोन वर्ग आहेत, आणि खरी गोष्ट तिथे आहे. ‘अ’ वर्गात खडकाळ, लागवडीला अयोग्य जमीन येते. ‘ब’ वर्गात येते ती सगळ्यांची जमीन : रस्ता, पायवाट, इतरांनाही पाणी देणारा ओढा किंवा तळे, स्मशान, दफनभूमी. म्हणजे सारा माफ झाला तो जागा निरुपयोगी म्हणून नव्हे, तर ती एकट्याची नाही म्हणून. कब्रस्तानाच्या जागेसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या समाजाला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. शहर मात्र दोन्ही वर्गांना एकाच नजरेने पाहते : मोकळी जागा.

ही नजर अपरिहार्य नव्हती. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानेही जमिनीची प्रतवारी लावली, पिकाच्या अंदाजाने सारा ठरवला. त्याची ही घडी पुढच्या राज्यकर्त्यांनाही उपयोगी पडली. पण याच माणसाने १६१० मध्ये खडकी वसवली, तेव्हा शहराआधी त्याने पाण्याचा विचार केला. डोंगरउतारावर मुरलेले पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. पुढे औरंगाबाद म्हणून वाढलेल्या त्या शहराची तहान या नहर-ए-अंबरीने शतकानुशतके भागवली. नांगर न लागणारा डोंगरउतार हेच शहराचे भांडवल आहे, हे त्याला ठाऊक होते.

मावळाच्या वाट्याला दुसराच हिशोब आला. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग औद्योगिक वसाहत आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. या शहराची तहान पवना धरणावर आली. धरणातून सोडलेले पाणी नदीने वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून उचलले जाते. वाटेतली गावे, विहिरी, शेते त्याच प्रवाहावर जगतात.

मग थेट धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनीची योजना आली. वाटेत होणारी पाण्याची गळती आणि प्रदूषण टळेल, हा शहराचा युक्तिवाद खोटा नव्हता. पण शेतकऱ्यांचा प्रश्न साधा होता : पाणी नळातून गेल्यावर नदीत काय उरेल? ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले, त्यात एक स्त्री होती. शहराला पवनेचे पाणी हवे होते. पवना नदी हवी होती ती गावांना.

नदी-ओढ्यांना मोकळी जागा समजण्याची किंमत शहरही देतेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा फुगला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. ओढ्याचे पात्र कधीकाळी किती रुंद होते, हे पाण्यानेच त्या रात्री मोजून दाखवले. सर्वाधिक फटका काठावरच्या वस्त्यांना बसला. शहरात गरिबाला जागा मिळते ती अशाच ‘खराब’ ठिकाणी, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

शिरगावसारख्या गावांपुढे अजून वेळ आहे. ओढे अजून उघडे आहेत, नदीकाठी झाडी आहे. घरे बांधू नयेत असे कोणी म्हणणार नाही. शहरात येणाऱ्याला छप्पर हवेच. पण आराखड्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा गावाने सातबारा आणि गावनकाशा घेऊन बसावे आणि ‘ब’ वर्गाचा प्रत्येक तुकडा जागेवर जाऊन पाहावा. ओढा कुठून वाहतो, पायवाट कुठे जाते, कोणाची माणसे कुठे पुरली आहेत, हे सांगणारी म्हातारी माणसे गावात अजून आहेत. त्यांना सोबत न्यावे. एकदा भराव पडला की त्यांची साक्ष कोणी विचारणार नाही.