कुमा, मोर आणि सिंह : नावांत राहणारे प्राणी

बाळाचं नाव 'कुमा' ठेवलं तर कसं, 'तोरा' ठेवलं तर कसं, असं विचारणारे तरुण आईबाप हल्ली भेटतात. जपानी कार्टून बघत वाढलेली ही पिढी. नाव छोटं आहे, कानाला गोड आहे आणि शेजारीपाजारी दुसऱ्या कुणाचं नाही. जपानीत कुमा म्हणजे अस्वल आणि तोरा म्हणजे वाघ. आपल्याकडे तोरा मिरवतात, ती गंमत वेगळीच! पण त्या नावातल्या प्राण्याचं मूळ काम काय होतं, ते आज पाहू.

मी राहतो लखनौच्या अमौसीत. इथल्या विमानतळाला २००८ साली माजी पंतप्रधान चौधरी चरणसिंह यांचं नाव दिलं. आता चरणसिंह म्हणताना सिंह कुणाच्या डोळ्यांपुढे येतो? या भागात इतक्या नावांमागे 'सिंह' लागतो, की त्यातलं जनावर केव्हाच निघून गेलं. काही नावांत मात्र ते जिवंत राहिलं.

जपानमध्ये अशी नावं बहुधा काहीतरी मागण्यासाठी ठेवत. तिथल्या बारा वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो. उएसुगी केन्शिन हा प्रसिद्ध सरदार १५३० साली, वाघाच्या वर्षात जन्मला, म्हणून त्याचं बालपणीचं नाव तोराचियो. जुन्या पिढीतल्या बायकांची नावं त्सुरू आणि कामे, म्हणजे करकोचा आणि कासव. करकोचा हजार वर्षं जगतो आणि कासव दहा हजार, अशी तिथे म्हण आहे. मुलं पाळण्यातच दगावत त्या काळात या नावाचा अर्थ एवढाच, की पोर जगू दे. आपल्याकडे आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू ठेवत. त्यामागची भीतीही तीच.

आता 'कुमा'कडे येऊ. मिनाकाता कुमागुसु हा निसर्गअभ्यासक १८६७ साली वाकायामात जन्मला. कुमा म्हणजे अस्वल, कुसु म्हणजे कापराचं झाड. त्या भागातल्या फुजिशिरो देवस्थानात कापराच्या जुन्या झाडाला देव मानतात आणि मुलांना तिथून नाव मागून आणायची रीत होती. त्यातलं कुमा हे कुमानो या तीर्थक्षेत्रावरून. कुमानो लिहिताना अस्वलाचंच अक्षर वापरतात. लहानपणी हा मुलगा फार आजारी पडला, तेव्हा वडील त्याला पहाटे त्याच झाडाच्या पायाशी घेऊन गेले होते.

पुढे तो लंडनला गेला, 'नेचर' या नियतकालिकात लिहू लागला आणि १९०० साली मायदेशी परतला. १९०६ पासून जपान सरकारने लहान देवळं मोठ्या देवळांत विलीन करायला सुरुवात केली. देऊळ गेलं की त्याची देवराई तोडून विकली जाई. कुमागुसु त्याविरुद्ध उभा राहिला. १९१० साली एका सभेत घुसून गोंधळ घातल्याबद्दल त्याला अठरा दिवस कोठडीत काढावे लागले. १९२९ साली सम्राट हिरोहितो त्या बाजूला आले, तेव्हा त्याने स्लाइम मोल्ड या सूक्ष्म जीवांचे नमुने कॅरॅमलच्या खोक्यांत घालून त्यांना भेट दिले. ज्या झाडाकडून नाव घेतलं, त्याच्या भाऊबंदांसाठी तो माणूस भांडला. नावामुळेच भांडला असं मी म्हणणार नाही, पण नावाशी इमान राखलं हे खरं.

आपल्याकडचं जोडीचं उदाहरण म्हणजे मोर. मोरो, मोरोपंत ही नावं मोरेश्वरावरून आली, आणि मोरेश्वर म्हणजे मोरगावचा गणपती, ज्याचं वाहन मोर. कुमानोचा कुमा तसा मोरगावचा मोरो! कवी मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) बारामतीत राहिले, म्हणजे मोरगावाहून फार लांब नाही. त्यांनी स्वतःला 'मयूर' म्हणवून घेतलं. देवाची आळवणी लिहिली तिचं नाव 'केकावली'. केका म्हणजे मोराचा टाहो. मोर ढगाला हाक मारतो तसा हा मोर देवाला हाक मारतोय. आईबापांनी दिलेल्या नावातला पक्षी कवीने असा बोलता केला.

आणि हा मोर इकडेही आला. अमौसीवरून जाणारा रस्ता कानपूरला पोचतो, तिथून पुढे गंगेकाठी बिठूर. १८१८ साली राज्य गेल्यावर दुसरा बाजीराव तिथे येऊन राहिला. त्याच्या आश्रयाच्या मराठी मंडळींत होते मोरोपंत तांबे, झाशीच्या राणीचे वडील. झाशी पडल्यावर १८५८ साली इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं. कऱ्हाकाठच्या गावाची आठवण एका नावात बसून बुंदेलखंडापर्यंत आली होती.

तेव्हा कुमा ठेवा, तोरा ठेवा, माझी हरकत नाही. पण जपानीत एकाच उच्चाराची अक्षरं अनेक असतात, म्हणून कुठलं अक्षर घेताय ते आधी विचारून घ्या. आणि मुलाला सांगण्यासारखं काहीतरी त्या नावाबरोबर ठेवा : एखादं गाव, एखादं झाड, जन्माचं वर्ष. 'माझं नाव असं का?' हा प्रश्न पोर पाचव्या-सहाव्या वर्षी विचारतंच. तेव्हा 'ऐकायला छान वाटलं' याच्यापुढे दोन वाक्यं तुमच्याकडे असावीत. भेटू पुढच्या भागात.