महार पलटणी आणि अर्जाचें शस्त्र

दलित समाजांतील जागृतीचें मूळ शोधतांना अभ्यासकांचें लक्ष प्रथम थोर पुरुषांच्या चरित्रांकडे जातें. तें योग्यच आहे. परंतु त्या चरित्रांस आधारभूत झालेली भूमि कशी तयार झाली, हा प्रश्न त्यामुळें मागें पडतो. आमच्या मतें तिचा मोठा भाग मुंबई लष्कराच्या छावण्यांत तयार झाला, आणि त्या कामीं बंदुकीपेक्षां पाटीचा वांटा अधिक होता.

मुंबई इलाख्याच्या पायदळांत महार शिपाई पूर्वींपासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगांवच्या लढाईच्या स्तंभावरील 'नाक' प्रत्ययान्त नांवें याची साक्ष देतात. गांवीं वतनाचीं कामें करून बलुत्यावर गुजराण करणाऱ्या या लोकांस पलटणींत रोख पगार, पुढें पेन्शन, आणि मुलांस लष्करी शाळेंत प्रवेश मिळे. गांवची शाळा बंद असतां हा लाभ केवढा, हें सांगणें नलगे. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेंत शिक्षक होते. त्यांचे पुत्र डॉ. भीमराव आंबेडकर १८९१ सालीं महूच्या छावणींत जन्मले.

१८९२-९३ च्या सुमारास 'लढाऊ जातीं'च्या धोरणामुळें महारांची भरती बंद पडली. परंतु तोंवर लिहितां येणाऱ्या पेन्शनरांचा एक वर्ग निर्माण झाला होता, ही गोष्ट येथें महत्त्वाची आहे. त्यांतील गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८८८ सालीं 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध करून धर्ममार्तंडांस प्रश्न विचारलेच होते. १८९४ सालीं त्यांनीं भरती पुन्हां सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं भारतमंत्र्यांपर्यंत तीच मागणी नेली. दार उघडलें तें महायुद्धाच्या गरजेनें: १९१७ सालीं महारांची पलटण उभी राहिली, १९२१ सालीं ती मोडली, व १९४१ सालीं महार रेजिमेंट स्थापन झाली.

छावणी हेंच एकमेव कारण, असें आम्ही म्हणत नाहीं. जोतीराव फुले यांची १८५२ ची शाळा, गिरण्या व आगगाडी यांचाही वांटा आहे. तथापि त्या अर्जांनीं भरती उघडली नाहीं म्हणून ते निष्फळ ठरत नाहींत. अर्ज लिहितांना या समाजास पूर्वजांच्या सेवेचा हिशेब मांडावा लागला, आणि तो मांडतांनाच याचकाचा हक्कदार झाला.